तीस फुटांच्या आत

पडद्यावर कुणीतरी वाकड्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘आई घरी आहे का?’

त्याखाली माझ्या मुलीचं अक्षर. ‘नाही.’

पुन्हा ते वाकडं अक्षर. ‘बाबा?’

‘गावाला.’

‘कोणाला सांगू नकोस हं.’

मी नुकतीच दवाखान्यातून आले होते. सांगलीत एका दातांच्या डॉक्टरांकडे मी रिसेप्शनला होते आणि दुपारी घरी येत असे. शालू त्याआधी तासभर शाळेतून येऊन घरात एकटी असायची. वय वर्षं आठ. त्या दिवशी मी माझ्या किल्लीने दार उघडून आत आले, तरी तिला पत्ता नव्हता. कॉटवर पालथी पडून, पाय हलवत, ती त्या खेळण्यात डोकं घालून बसली होती. मी मागून वाकून वाचलं.

“कोण आहे हा?”

ती दचकली. “आई! तू कधी आलीस?”

“कोण आहे हा, विचारलं मी.”

“आदि.”

“कोण आदि?”

“माहीत नाही. नाव येतं बघ वर.” तिने बोट दाखवलं. वर इंग्रजीत तीन अक्षरं होती. ए, डी, आय.

मी खेळणं तिच्या हातातून हिसकावलं, त्याची ती प्लॅस्टिकची काडी घेतली आणि पडद्यावर खरडलं, ‘कोण आहेस तू?’ क्षणभर काहीच झालं नाही. मग एक बारीक ओळ उमटली, आदि बाहेर पडला म्हणून. वरचं नाव गेलं.

शालू आता बेंगळुरूला नोकरी करते आणि ते सगळं तिला गंमत म्हणून आठवतं. मला अजून तसं आठवता येत नाही.

ते खेळणं माझ्या धाकट्या भावाने, शिरीषने, सिंगापूरहून आणलं होतं. पुस्तकासारखी उघडणारी डबी, आत दोन पडदे. खोक्यावर आई, बाबा आणि दोन मुलं सोफ्यावर बसून हसतायत असं चित्र. मी आधी नाकं मुरडली होती. मग त्यातले खेळ पाहिले. एकात मळा लावायचा, एकात कुत्रं पाळायचं. मारामारी नाही, बंदुका नाहीत. त्या कुत्र्याला मी स्वतः एकदोनदा आंघोळ घातली होती, आणि खऱ्या कुत्र्याचा हट्ट परस्पर मिटला म्हणून मनातून खूश होते. त्या डबीत पडद्यावर लिहून गप्पा मारायची सोय आहे हे मला माहीतच नव्हतं.

“कधीपासून बोलतो हा तुझ्याशी?”

“पाडव्यापासून.” शालूचा चेहरा रडवेला झाला होता. “तो चांगला आहे गं. मला ठिपके जोडायला शिकवतो.”

“आणि काय विचारतो?”

“तू कशी आहेस ते. रागावतेस का. मी सांगितलं, खूप.”

“आणखी?”

“मला म्हणाला, वर येशील का.”

“वर? वर कुठे?”

“ते नाही सांगितलं. विचारलं, तुझा हात कडीला पोचतो का.”

माझा स्वभाव तापट. सासर-माहेर दोन्हीकडे मान्य झालेली गोष्ट आहे ती. माझा नवरा अभय म्हणायचा, आमच्या घरात फोडणी दोनदा होते, एकदा कढईत आणि एकदा हिच्या तोंडून. पण त्या क्षणी राग आलाच नाही. मला नुसती भीती वाटली. मी दाराला आतून साखळी लावली, वरची खिटी लावली आणि शिरीषला फोन केला.

“शिरीष, त्या खेळण्यात इंटरनेट आहे का रे?”

“तुझ्या घरी कुठे आहे इंटरनेट, ताई? म्हणून तर ते आणलं. एकदम बिनधोक.”

“मग बाहेरचा माणूस त्यात कसा लिहितो?”

“बाहेरचा नाही लिहू शकत. जवळपास कुणाकडे तसलंच खेळणं असेल तर ती दोन आपसांत बोलतात. इकडे पोरं डबा खाताना एकमेकांना चित्रं पाठवत बसतात की.”

“जवळपास म्हणजे किती?”

“पंचवीस-तीस फूट. मध्ये भिंत असली तर त्याहून कमी. का गं?”

मी फोन ठेवला. इंटरनेटवरचा माणूस निदान कुठेतरी लांब असतो. हा तीस फुटांच्या आत होता. तो आमच्याच जिन्याने चढत-उतरत होता, कदाचित सकाळी मला नमस्कारही करत होता, आणि माझी मुलगी घरात कधी एकटी असते हे त्याला पाठ होतं.

वर म्हणजे गच्ची, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं. शालूचा हात घट्ट धरून मी जिने चढून गेले. गच्चीच्या लोखंडी दाराला कडी होती, पण ती माझ्या डोक्याच्याही वर. चैत्राचं ऊन नुसतं भाजत होतं. पाण्याच्या टाकीमागे वाकून पाहिलं, तिथे कुणाची तरी तुटकी खुर्ची होती आणि सिगारेटची थोटकं. थोटकं कुणाचीही असू शकतात. पण ती पाहून मी शालूला ओढतच खाली आणलं.

अभय औषध कंपनीच्या कामाने लातूरला होता. फोनवर म्हणाला, “पोरं असतील गं इमारतीतली.”

“आपल्या इमारतीत आदि नावाचा पोरगा नाही. आणि पोरं विचारतात का, बाबा गावाला गेलेत का म्हणून?”

मग म्हणाला, “मी रविवारशिवाय निघू शकत नाही. तू शालूला एकटी ठेवू नकोस. आणि उगाच आरडाओरडा करू नकोस, तो सावध होईल.”

हे मात्र त्याचं बरोबर होतं. शोधायचं तर बोभाटा न करता शोधायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. खरं तर गेली दोन वर्षं मी खालच्या फळ्यावर खडूने आमंत्रण लिहून मोकळी होत होते, आणि त्याबद्दल तळमजल्यावरच्या बापट मावशींची बोलणीही खात होते. हळदीकुंकवाचं बोलावणं दारात जाऊन, कुंकू लावून करायचं असतं, फळ्यावर लिहून नाही, असं त्या मला दर वर्षी सुनावायच्या. या वर्षी मी त्यांचं ऐकायचं ठरवलं. कुंकवाचा करंडा घेतला, शालूला बरोबर घेतलं आणि घराघरांत शिरले. करंडा हातात असलेल्या बाईला दारात कुणी उभं ठेवत नाही.

आमच्या समोरच्या घरात पाटोळे नावाचा एकटा मुलगा राहायचा. त्याच्या घरात कुंकू लावायला कुणी बाई नव्हती, तरी मी बेल वाजवली.

“हळदीकुंकू?” तो गोंधळला. “मला?”

“तुमच्या आई आल्या असतील तर म्हटलं.” असं म्हणत मी त्याच्या खांद्यावरून आत पाहिलं. एक गादी, दोरीवर वाळत घातलेले कपडे आणि स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांचा ढीग. व्हिडिओ गेम खेळता का असं सरळच विचारल्यावर तो इतका केविलवाणा हसला, की माझा संशय तिथेच गळून पडला.

आमच्या डोक्यावरच्या मजल्यावर दोन घरं. त्यातलं एक पुण्याच्या मालकाचं, कायम कुलूपबंद. दुसरं हेर्लेकरांचं. विधवा हेर्लेकर काकू, त्यांचा मुलगा सुहास आणि मार्गशीर्षात लग्न होऊन आलेली सून केतकी. सुहासचं मिरज रस्त्याला ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान होतं. मृदू बोलणारा, जिन्यात भेटला की शालूच्या हातावर चॉकलेट ठेवून ‘काय म्हणते बाहुली?’ असं विचारणारा माणूस. सून मला दोनदा दिसली होती. दोन्ही वेळा मान खाली.

काकूंनी दार अर्धंच उघडलं. “उद्या होय? मी येईन की. सूनबाईची मात्र अडचण आहे ओ.”

त्या वेळी आमच्या इमारतीत निम्म्या घरांत तरी ते चार दिवस पाळले जायचे. त्यात मला नवल वाटलं नाही. मी सरळ मुद्द्यावर आले.

“काकू, तुमच्याकडे असलं खेळणं आहे का? पुस्तकासारखं उघडतं, दोन पडदे असतात. आमच्या शालूच्या चार्जरची गडबड झालीय.”

“ते होय? आमच्या आदिचं आहे की एक. मस्कतच्या लेकीचा मुलगा. दिवाळीला आला आणि इथंच विसरून गेला. पण चार्जर नाही ओ त्याचा, नुसतंच पडलंय दिवाणात.”

शालूने माझ्याकडे मान वर करून पाहिलं.

“त्यावर आता कोण खेळतं?”

“कोण खेळणार? आम्ही काय लहान आहोत?” काकू हसल्या, पण ते हसू अर्ध्यातच थांबलं. “का ओ?”

इथे खरं तर मी गप्प बसायला हवं होतं. पण गप्प बसणं मला जन्मात जमलेलं नाही. “कारण त्यातून कुणीतरी माझ्या मुलीला लिहितंय. मी घरी नसताना वर बोलावतंय. आदि नावाने.”

मला वाटलं, काकू आता भांडतील. आमच्या घरावर आळ घेतेस का म्हणून तोंड सोडतील. त्यांनी तसं काहीच केलं नाही. हळूच मान वळवून त्यांनी आत पाहिलं, मधल्या खोलीच्या बंद दाराकडे. मग म्हणाल्या, “बघते मी,” आणि दार लावून घेतलं.

काकू चिडल्या नाहीत, म्हणजे त्यांना ठाऊक होतं. त्या घरात पुरुष एकच. शालूच्या हातावर चॉकलेट ठेवणारा तो हात मला आठवला.

“त्या काकांनी चॉकलेट दिलं तर घ्यायचं नाही,” मी शालूला म्हटलं. “ते दिसले तर जिन्यात थांबायचंसुद्धा नाही.”

“पण का?”

“मी सांगते म्हणून.”

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. शालूला बापट मावशींकडे भिजवलेले हरभरे निवडायला बसवलं. माझा बेत असा, की शालू बनून मीच त्याच्याशी बोलायचं, तो काय लिहितो त्याचे मोबाइलवर फोटो काढायचे आणि मग सगळी इमारत गोळा करायची. बेत ठरवताना अंगात बळ होतं. दुपारी पडदे ओढून ते खेळणं उघडून बसले, तेव्हा त्यातलं काही उरलं नव्हतं.

बराच वेळ काही आलं नाही. काकू दुपारी झोपायच्या, ती वेळ झाली, आणि नाव उमटलं. आदि.

मला वाटलं, आता तो प्रश्न येणार. पण प्रश्न आला नाही. पडद्यावर ठिपके यायला लागले. आधी मधली ओळ, मग तिच्या वर एक ठिपका कमी, खाली एक ठिपका कमी. सारख्या अंतरावर, एकही इकडेतिकडे नाही. मग ठिपक्यांना वळसे घालत रेषा आल्या आणि आठ पाकळ्यांचं कमळ पुरं झालं.

मी त्या कमळाकडे पाहतच राहिले. असे ठिपके टाकायची सवय हाताला उंबरठ्यापाशी ओणवं बसून लागते, आणि त्यात वर्षं जातात. ट्रॅक्टरचे भाग विकणाऱ्या माणसाचा तो हात नव्हता. पुरुषाचाच नव्हता.

‘शालू?’ असं उमटलं.

मी लिहिलं, ‘मी शालूची आई.’

पडदा तसाच राहिला. कालच्यासारखं नाव जाईल असं वाटलं, पण गेलं नाही. मग सावकाश अक्षरं आली.

‘तुम्ही रागीट आहात ना?’

‘कोण म्हणतं?’

‘शालू म्हणते. आई कुणालाच घाबरत नाही म्हणते.’ आणि पुढच्या ओळीत, ‘मी केतकी. वरची.’

तो पडदा एवढासा. एका वेळी चारपाच शब्दच मावायचे. म्हणून ते तुकड्यातुकड्यांनी आलं, आणि प्रत्येक तुकडा आल्यावर मी पुढच्याची वाट पाहत बसायची.

‘फोन काढून घेतलाय.’

‘कामं झाली की खोलीला बाहेरून कडी.’

‘हे मारतात.’

‘दिवाणातली पांघरुणं घडी करताना हे सापडलं.’

‘तुम्ही घरी असाल तर तुमच्याशी बोलायचं होतं.’

‘काल अक्षर वेगळं दिसलं. घाबरून बंद केलं.’

आई घरी आहे का. आई कशी आहे. हात कडीला पोचतो का. कालपासून ज्या वाक्यांनी माझी झोप उडवली होती, त्या वाक्यांतून एक कोंडलेली मुलगी चाचपडत दार शोधत होती. एकदा तर त्या लहान पोरीलाच तिने दार उघडायला बोलावलं होतं, इतकी ती अगतिक झाली होती.

‘ओरड,’ मी लिहिलं. ‘खिडकीतून ओरड. मी वर येते.’

‘ओरडून पाहिलं. कुणी आलं नाही.’

मग पुन्हा, ‘काल तुम्ही विचारलंत ना. तेव्हापासून खेळणं शोधतायत.’

‘तांदळात लपवलं होतं. रात्री उशीखाली घेतलं.’

‘आज मला शेतावर नेणार. तिथे शेजारी कुणी नाही.’

‘कधी?’

‘आई तुमच्याकडून आल्या की.’

आई म्हणजे तिची सासू. माझ्याकडून म्हणजे हळदीकुंकवाहून. मी ज्या हाताने काकूंना बोलावलं होतं त्याच हातात आता ती काडी होती.

‘लाल दिवा लागलाय,’ असं आलं. तिच्याकडे चार्जर नव्हता.

मी भराभर लिहिलं, ‘संध्याकाळी वर येते. बायकांना घेऊन येते. तयार राहा.’ ते पोचलं की नाही कळलं नाही. आदि बाहेर पडला, एवढंच दिसलं.

त्यानंतर मला बसवेना. लगेच वर जावं तर काकू दारात आडव्या येणार, नाही म्हणणार, आणि मग ते लोक संध्याकाळपर्यंत कशाला थांबतील? अभयला फोन केला. तो म्हणाला, पोलिसांना कळव. कळवलं. पलीकडच्या माणसाने शांतपणे विचारलं, “तक्रार तुमची आहे की त्या बाईंची? त्यांची असेल तर त्यांनाच घेऊन या.”

“ती कोंडलेली आहे ओ. तिला कशी आणू?”

“मग त्यांच्या माहेरच्या कुणालातरी यायला सांगा.”

तिचं माहेर गुहागरकडचं, एवढंच मला ऐकून माहीत होतं. माझ्या हातात राहिलं ते फक्त हळदीकुंकू. पुढे काय करायचं याचा मला काही म्हणता काही अंदाज नव्हता. माझ्या त्या प्रसिद्ध स्वभावाचा तर कुठे मागमूस नव्हता. कैरीच्या डाळीत मी दोनदा मीठ घातलं आणि ते निस्तरायला आणखी डाळ वाटत बसले.

संध्याकाळी बायका आल्या. गौर झोपाळ्यावर बसवली होती, कलिंगडाची फुलं कापली होती, मोगऱ्याचे गजरे ओल्या फडक्यात ठेवले होते. काकू जरीचं नेसून आल्या. मी त्यांच्या कपाळावर कुंकू लावलं तेव्हा कुंकू त्यांच्या नाकावर सांडलं. त्यांनी ते पदराने पुसलं.

“डाळ छान झालीय ओ,” त्या म्हणाल्या. “मिठाला जरा चढी आहे, पण छान.”

त्यांनी डाळ संपवली, पन्हं संपवलं, गजरा माळला आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

“थांबा काकू,” मी म्हटलं. “आम्हीही येतो वर. केतकीची पहिली चैत्रगौर. तिची ओटी भरायची राहिलीय.”

“अहो, अडचण आहे म्हटलं ना तिची.” काकू हसल्या. “शिवाशिव नको. पुढच्या वर्षी भरा की.”

“हो गं, राहू दे मग,” कुणीतरी म्हणालं. “नंतर कधीतरी देऊ नेऊन,” दुसरी म्हणाली. दोघीतिघी परत डाळीकडे वळल्या. इतक्या सहज ते संपलं. त्या कारणापुढे बोलायची आमच्यात रीतच नाही. काकू दाराकडे निघाल्या आणि मी हातात तबक घेऊन नुसती उभी.

“अडचण?”

बापट मावशी कोपऱ्यातल्या खुर्चीवर काठी मांडीत घेऊन बसल्या होत्या. इमारतीतलं सोवळं-ओवळं ज्यांच्या धाकाने चालायचं त्या याच.

“अगं, पाडव्याला मी श्रीखंडाची वाटी घेऊन आले होते तुझ्याकडे. तेव्हाही सून दिसली नाही. तेव्हाही अडचणच म्हणालीस.”

काकू वळल्या. “असेल ओ. काय लक्षात राहतंय?”

“माझ्या राहतं. पाडव्याला अडचण आणि आज परत अडचण? अजून पौर्णिमा होऊन दोन दिवस झाले नाहीत.”

जमलेली प्रत्येक बाई मनातल्या मनात मोजत होती. आयुष्यभर केलेलं ते गणित, त्याला कागद लागत नाही. एकेकीची मान वर झाली आणि काकूंकडे वळली.

“म्हणजे पोर आजारी आहे,” मावशी उठल्या. “नव्या पोरीची अशी हेळसांड बरी नव्हे हो. चल, बघू दे मला.”

“मावशी, झोपलीय ती. उद्या डॉक्टरकडे नेणारच आहे...”

“झोपू दे तिला. मी नुसती बघते.”

त्यांची काठी जिन्यावर वाजायला लागली. त्यांच्या मागे मी, माझ्यामागे सगळ्या जणी. काकू मध्येच, पुढेही जाता येईना आणि मागेही फिरता येईना.

दार सुहासने उघडलं. चपलांच्या कपाटापाशी एक बॅग भरून ठेवलेली होती. एवढ्या बायका बघून तो क्षणभर बावरला, मग नेहमीसारखा हसला. “काय मावशी, एवढी फौज?”

“बाजूला हो. बायकांचं काम आहे.”

तो हलला नाही. चौकटीवर हात टेकून त्याने आपल्या आईकडे पाहिलं. तिने नाही म्हणून बारीकशी मान हलवली. “ती झोपलीय,” तो म्हणाला. आवाज मऊच होता. त्या मऊ आवाजाची मला जेवढी भीती वाटली तेवढी कुठल्या आरडाओरड्याची वाटली नसती. मावशींची काठीसुद्धा थांबली.

माझ्या हातात तबक होतं. हळद, कुंकू, ओटीचे हरभरे आणि कैरी, वर पेटलेलं निरांजन. मी काही ठरवलं नाही, धैर्यबिर्य काही नव्हतं. मी डोळे त्या निरांजनावर ठेवले आणि सरळ चालत गेले. कुंकवाचं तबक घेऊन येणाऱ्या बाईला आडवं जायचं नाही, हे त्यालाही लहानपणी कुणीतरी शिकवलेलं असणार. त्याचा पाय आपोआप मागे सरला. हात चौकटीवरून सुटला.

मधल्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी होती, अगदी वर. मागून आलेल्या प्रत्येक बाईला ती दिसली. मी तबक मावशींकडे दिलं, टाचा उंचावल्या आणि ती काढली.

केतकी दारासमोरच उभी होती. डावा डोळा सुजून जवळजवळ मिटलेला, ओठ फुटलेला. पण चांगली साडी नेसलेली, आणि गजऱ्यासाठी केस विंचरून बांधलेले. माझा निरोप तिला पोचला होता.

कुणीतरी मागे “अगं बाई” म्हणालं. मी तबक परत घेऊन तिला कुंकू लावलं. कपाळालाही टेंगूळ होतं, म्हणून अगदी हलक्या हाताने लावलं. मावशींनी ओंजळभर हरभरे तिच्या पदरात घातले, त्यावर कैरी ठेवली.

“चल खाली,” त्या म्हणाल्या. “पन्हं प्यायचंय तुला.”

“प्यायलीस की लगेच वर ये गं,” काकू म्हणाल्या. अजूनही त्यांना वाटत होतं की हे सावरेल.

“केतकी,” सुहास म्हणाला. एवढंच.

आणि ती थांबली. मी तिच्या अगदी जवळ होते. तिचा श्वास अडकलेला मला ऐकू आला. दोन दिवसांत मी जेवढी घाबरले होते ते सगळं त्या एका क्षणापुढे काहीच नव्हतं, कारण आता कडी निघाली होती, आणि पुढचं पाऊल तिच्याऐवजी दुसरं कुणी टाकू शकत नव्हतं. नंतर पोलीस झाले, गुहागरहून तिचे वडील आले, कोर्टाच्या तारखा झाल्या. ते सगळं व्हायचं की नाही हे तिथे ठरत होतं.

तिने ओटी दोन्ही हातांनी सावरून धरली आणि बाहेरच्या खोलीतून चालत उंबरठ्यापाशी आली. घरातून निघताना बाईने ‘जाते’ म्हणू नये, ‘येते’ म्हणावं, यावरून बापट मावशींनी इमारतीतल्या किती पोरींना दारात अडवलं होतं त्याला गणती नाही. शब्द दुरुस्त करून घेतल्याशिवाय त्या पाय पुढे टाकू द्यायच्या नाहीत.

केतकी उंबरठ्यावर सासूकडे वळली.

“जाते,” ती म्हणाली.

मी मावशींकडे पाहिलं.

“चल,” मावशी म्हणाल्या. “पायरी बघून उतर.”